ड्रायव्हरच्या बाजूची रेघ

तिला सगळे डावी म्हणायचे. माहेरी हा शब्द चापटीला जोडूनच यायचा. जेवताना, लिहिताना, कुणाला काही देताना डावा हात पुढे झाला, की आईचा हात त्याच्याही पुढे. लग्न ठरलं तेव्हा आईने बजावून ठेवलं होतं, "निदान पहिलं वर्षभर उजव्याने कर गं बाई. मग कळलं तरी परत पाठवणार आहेत थोडेच!"

सासरी पहिल्याच आठवड्यात ती पकडली गेली. ही डाव्या हाताने चहा गाळतेय आणि स्वयंपाकघराच्या दारात सासरे उभे. पुढे केलेला कप त्यांनी घेतला नाही. हातच बघत राहिले.

"हा असाच आहे पहिल्यापासून?"

"घालवते सवय, मामा."

"घालवून तर बघ!" म्हातारा ओरडलाच. मग बायकोकडे वळून म्हणाला, "अगं, ऐकलंस का? घरात ड्रायव्हरची बाजू आली!"

सासू भांडी लावत होती. मागे न बघता म्हणाली, "लग्न पोराचं आणि सून मिळाली तुम्हाला. चालू द्या."

सासऱ्यांना गाड्यांच्या यार्डात उस्ताद म्हणत. बसच्या अंगावर खिडक्यांच्या खालून, या टोकापासून त्या टोकापर्यंत जी बारीक रेघ जाते, ती त्यांच्या हातची. रेघेखाली मालकाचं नाव, तेही त्यांच्याच हातचं. बघणाऱ्याला वाटतं रेघ हाताने ओढतात. रेघ ओढतात पाय. ब्रशला केस वीतभर आणि दांडी बोटभर; करंगळी पत्र्याच्या कडेला टेकवायची, श्वास धरायचा, मनगट आपलं नाहीच असं समजायचं आणि आडवं चालत सुटायचं. आता गंमत अशी की रेघ गाडीच्या तोंडाकडून शेपटाकडे सोडायची आणि उजवा हात डावीकडून उजवीकडेच चालतो, म्हणून उजव्या हाताच्या माणसाला गाडीची एकच बाजू सरळ जाते. प्रवासी चढतात ती दाराची बाजू उस्तादांना झोपेतही आली असती. ड्रायव्हरची बाजू मात्र शेपटाकडून तोंडाकडे, उलटं चालत ओढावी लागे, आणि कितीही जीव ओतला तरी ती पाहुण्यासारखी अवघडलेलीच दिसे. उस्ताद तिला सावत्र बाजू म्हणायचे. पोराला धंद्यात गोडी नव्हती, तो टायरच्या दुकानात गल्ल्यावर बसायचा. आणि अशा घरात अचानक एक डावा हात चहा गाळताना सापडला.

शिकवणी काचेवर झाली. खिडकीची एक जुनी तावदानाची काच भिंतीला टेकवून ठेवली होती. तिच्यावर रेघ ओढायची, रॉकेलच्या बोळ्याने पुसायची, परत ओढायची.

"आली का सरळ?"

"आली, मामा."

"मग पूस."

एवढंच बोलणं. 'छान' नाही, 'बरी' नाही, 'बरोबर' तर नाहीच. पुसायला लावलं म्हणजे बरी आली असेल, असं तिने आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. वाईट आली तर उस्ताद 'पूस'ही म्हणत नसत, नुसते उठून जात. मग अक्षरं आली. काठीचा टेकू घेऊन मनगट त्यावर ठेवायचं, हे जमलं. पण डाव्या हाताचा पंजा मागे राहिलेल्या ओल्या अक्षरांवरून फिरायचा आणि सगळा चिखल. शेवटी तिने स्वतःच वाट काढली. खडूने नाव आखून घ्यायचं आणि शेवटच्या अक्षरापासून सुरुवात करून पहिल्याकडे जायचं. ड्रायव्हर लोक चहाचे ग्लास घेऊन बघायला उभे राहत. "वहिनी, आमच्या मालकाला शेपटाकडून धरलंत, लाथ मारेल हं!"

घराचा एक कायदा होता. दाराची बाजू म्हणजे मालकीण. ड्रायव्हरच्या बाजूने तिच्याशी जुळवून घ्यायचं. दोघं एकदम निघत, तो त्या अंगाने, ही या अंगाने. मधे अख्खी बस. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, पण चपलांच्या घासण्यावरून तिला कळायचं की मामा आता कुठल्या खिडकीखाली आहेत. टोकाला पोचून श्वास सोडला, की उस्ताद एक काठी घेत, आपल्या रेघेची जमिनीपासूनची उंची तीन-चार ठिकाणी काठीवर खडूने मारून घेत, आणि ती काठी घेऊन तिच्या बाजूला तपासणीला येत. आपली रेघ मात्र ते परत कधी बघत नसत. "ओढली ती ओढली," म्हणायचे. "सोडलेल्या श्वासाकडे कोण वळून बघतं?"

त्या दिवसांत तिला सकाळी उठायचा कधी कंटाळा आला नाही.

मग उस्तादांचा गुडघा बिघडला. आधी नुसता कुरकुरला, मग धरला. चालताना फारसं कळायचं नाही, पण ब्रश हातात घेऊन आडवं सरकताना मागच्या चाकापाशी पोचेपर्यंत तो थकायचा आणि किंचित खचायचा. गुडघा खचला की खांदा खचतो, खांदा खचला की ब्रश. एक दिवस उस्ताद काठी घेऊन तिच्या बाजूला आले, मागच्या चाकावर काठी धरली आणि म्हणाले, "वर गेली तुझी."

तिने पाहिलं. काठीवरची खूण खरंच खाली होती. ती बसला वळसा घालून पलीकडे गेली आणि मागून, एक डोळा मिटून, त्यांच्या रेघेवरून नजर फिरवली. पडली होती त्यांची. दोऱ्याएवढीच, पण चाकावर येऊन ती दमलेल्या माणसासारखी टेकली होती आणि मग परत उठली होती.

ती परत आली. उस्ताद काठीवर भार देऊन उभे होते, गुडघ्यावर हात.

"मग?"

"वर गेली माझी," ती म्हणाली. "पुसते."

आणि पुसून तिने त्यांच्याएवढी पाडून ओढली.

त्यानंतर काठीचं कामच उरलं नाही. मागच्या चाकापाशी पलीकडची चप्पल जरा फरफटली, की ही हात सैल सोडायची. गुडघा वाढत गेला तशी रेघ खाली जात गेली, दोन्हीकडून, अगदी इमानाने. बसच्या दोन्ही बाजू एकदम कुणाला दिसत नाहीत, आणि वळसा घालून बघितल्या तर जुळलेल्या दिसतात. मग दोष कशाशी ताडून काढायचा? एक ड्रायव्हर तेवढा म्हणाला होता, "उस्ताद, तुमच्या गाड्या हल्ली मागून बसल्यासारख्या दिसतात." उस्ताद म्हणाले, "माणसं कमी कोंब."

तिने हे कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. आपल्याला सरळ येते, आपण पाडतो ती मामांसाठी, एवढी एक गोष्ट तिची स्वतःची होती. दिवसभर वाकून पाठ भरून आली, की ती मनात काढून बघायची आणि तिला बरं वाटायचं.

यार्डाचा मालक, बसच्या बॉड्या बांधणारा बॉडीवाला, तिच्या नवऱ्याच्या वयाचा, तोंडाने गोड आणि हिशेबाला पक्का. त्याने स्टिकर कापायचं मशीन आणलं, तेव्हा उस्तादांनी त्याच्याकडे शेजारणीच्या नव्या फ्रिजकडे बघावं तसं पाहिलं. पण हळूहळू निम्म्या गाड्या मशीनकडे गेल्या. आणि एका दुपारी उस्ताद घरी जाऊन पडले असताना बॉडीवाल्याने तिला बाजूला बोलावलं.

"वहिनी, सहली काढणारे एक नवे मालक आलेत. त्यांना सगळ्या गाड्यांवर हाताचीच रेघ पाहिजे. पण ताठ. दोरीला दोरी लागली पाहिजे."

"मामांना सांगते."

"उस्तादांचं नको. त्यांच्या पायाला हात लावीन मी, पण रेघ पडते हो त्यांची. तुमचीही पडते, पण तुम्ही ऐकून पाडता. मी काय आंधळा आहे? चप्पल फरफटली की तुमचा हात उतरतो." त्याने गोदामाच्या बाजूला पाहिलं. "एकट्याने करा. आधी तुमची बाजू ओढून दाखवा, मी दोरी लावून बघतो. ती जमली की दाराची उलटं चालून ओढता येईल. जमलं तर गोदामाच्या बाजूचा कोपरा तुमचा. बोर्ड तुमचा. नाही जमलं तर मशीन आहेच."

बोर्ड तुमचा. घरी जाताना तिने ते शब्द तोंडात धरून ठेवले, चघळले नाहीत, संपतील म्हणून.

सांगायचं कसं, याच्या चार तऱ्हा तिने बसवल्या होत्या. जेवताना त्यातली एकही आठवली नाही, तिने सरळ सांगून टाकलं. उस्तादांचा घास हातात राहिला.

"आणि दाराची बाजू?"

"मीच ओढणार."

"दोन्ही?"

"दोन्ही."

नवरा हसला. "म्हणजे जुळली नाही तर भांडायला कुणी नाही. सुटलीस बघ." त्याच्या आईने त्याच्याकडे पाहिलं आणि तो ताटाकडे बघायला लागला.

"सूनबाई," उस्ताद म्हणाले. ते तिला 'डावे' म्हणून हाक मारत. 'सूनबाई' आलं की घराने श्वास आवरून बसायचं. "मी अजून मेलो नाही. त्याला सांग, उस्ताद दाराची बाजू ओढतील, तू तुझी ओढ. चालतंय तसंच चालेल."

"त्यांना तसं नको आहे."

"का नको?"

तेव्हाही काही सांगता आलं असतं. वय, गुडघा, नव्या मालकाची लहर. ती गप्प राहिली आणि उस्तादांना त्या गप्पपणाचा वेगळाच अर्थ लागला.

"तुला तरी का विचारतात? माझी सावली म्हणून. आता सावलीने उठून स्वतःचं दुकान थाटायचं होय? काचेवर नीट रेघ येत नव्हती तुझी, मी धरून..."

"मामा, तुमची रेघ पडते."

बोलून झाल्यावर तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"कुठे?"

"मागच्या चाकावर. गुडघा धरला तेव्हापासून."

"आणि तुझी?"

"मी पाडते. तुमच्याशी जुळावी म्हणून."

उस्तादांनी हातातला घास ताटात परत ठेवला, अगदी हळू, जणू तो कुणा दुसऱ्याचा होता.

"मला सांगितलं असतंस," ते म्हणाले, आणि आवाज चढला नाही हेच वाईट होतं, "तर मी त्या चाकापाशी थांबलो असतो. दोन तुकड्यांत ओढली असती. फळी टाकून बसून ओढली असती. काही सुचलं नसतं तर ब्रश खाली ठेवला असता, चार लोक हात जोडत होते तेव्हाच. तू काय केलंस? माझी लाज दोन्ही बाजूंनी रंगवलीस आणि गावभर पळवलीस."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"मग आता कसं वाटतंय ते विचार."

ते उठून गेले. भांडी घासायला सासू शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "गुडघ्याला तेल मीच लावते ना, मला ठाऊक नसेल होय? पण तू बोलत नव्हतीस, म्हटलं पोरगी शहाणी आहे. आज कळलं, आपण दोघी सारख्याच भित्र्या."

दुसऱ्या दिवशी उस्ताद सकाळीच बाहेर पडले. दुपारी नवरा सांगत आला, "बसस्टँडवर बसलेत. गाडी लागली की उठतात, मागे जाऊन एक डोळा मिटून रेघेवरून बघतात. मग लंगडत दुसऱ्या बाजूला. लोक रामराम घालतायत, यांचं लक्षच नाही. मी म्हटलं, बाबा, घरी चला. तर म्हणाले, अजून दोन गाड्या यायच्यात."

संध्याकाळी ते आले, चहा घेतला, कपाचा कान डावी-उजवीकडे फिरवत बसले. तिला वाटलं, पाया पडावं. मग वाटलं, पाय तरी कुठल्या तोंडाने धरायचे.

तिसऱ्या दिवशी यार्डात नव्या मालकांची बस उभी होती, पांढरी, कोरी करकरीत. डावीने पत्रा पुसून घेतला, खेळायच्या जुन्या पत्त्यावर ब्रश घोळवून घोळवून केसांना रंग पाजला, करंगळी कडेला टेकवली. मनात दोन दिवसांचं सगळं होतं; पण ब्रश टेकला आणि नेहमीसारखं सगळं गेलं. ती निघाली. पलीकडे कुणी नव्हतं. आपल्याच चपलांचा आवाज, आणि कुणाची वाट बघायची नाही, कुणासाठी थांबायचं नाही. रेघ नळाच्या पाण्यासारखी सुटली. मागचं चाक आलं आणि गेलं, तिला जाणवलंही नाही. टोकाला पोचून तिने श्वास सोडला, तेव्हा तिला हसू येत होतं.

बॉडीवाल्याने दोरी ताणून दोन्ही टोकांना चिकटवली. मग चालत चालत मागच्या चाकापाशी येऊन उभा राहिला आणि तिथेच उभा राहिला.

दोरी आणि रेघ यांच्या मधे काडेपेटीतली काडी सहज गेली असती.

"नवी जागा, नवी गाडी," तो म्हणाला. "परत घ्या."

तिने पुसलं, परत घेतलं. तिथेच पडली. तेवढीच. तिसऱ्यांदा तिने दोरीला खडू लावून पत्र्यावर खूण मारून घेतली. पण खुणेकडे बघत ओढलेली रेघ थरथरते, तशी थरथरली आणि चाकावर येताच खुणेखालून निघून गेली. चौथ्यांदा ती मनात 'वर, वर' म्हणत गेली तर चाकावर उंटाची पाठ निघाली.

"पट्टी चिकटवून ओढा ना, वहिनी."

"पट्टी चिकटवून काय, तुमचं मशीनही ओढेल."

"तेच म्हणतोय मी," बॉडीवाला म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

पाचव्यांदा तिने काहीच विचार केला नाही. हाताला हवी तशी जाऊ दिली. हाताला ती सरळ वाटली, अगदी सरळ, आणि दोरी लावल्यावर ती पडलेली होती. ठेवणीतली साडी इतक्या वर्षांनी काढावी आणि घडीघडीवर विरलेली निघावी, तसं तिचं झालं. तिला कुणी लुटलं नव्हतं. तिनेच रोज थोडं थोडं काढून दिलं होतं, आणि वर पुण्य केल्यासारखं मनात जपलं होतं.

फाटकाशी चप्पल फरफटली. उस्ताद आले होते. बॉडीवाल्याने धावत खुर्ची आणली. ते बसले नाहीत. बसच्या मागे गेले, वाकले, एक डोळा मिटला. बराच वेळ. मग सरळ होऊन त्यांनी रेघेकडे नाही, तिच्या हाताकडे पाहिलं. पहिल्या आठवड्यात चहा गाळताना पाहिलं होतं, तसं नाही. मेलेलं माणूस ओळखायला कुणाला बोलवावं आणि त्याने ओळखावं, तसं.

"दोरी ढिली आहे," ते बॉडीवाल्याला म्हणाले.

"उस्ताद, दोरी मी स्वतः..."

"ढिली आहे म्हणतो ना. पोरीची रेघ बरोबर आहे."

बरोबर. तावदानापासून आजपर्यंत जो शब्द एकदा तरी कानावर पडावा म्हणून तिने जीव टाकला होता, तो हा. आता आला, आणि खोटा.

बॉडीवाला खाली बघत दोरी सोडवायला लागला. "तुम्ही म्हणता तर तसं, उस्ताद." काम आता मिळणार नाही, हे त्याच्या त्या आदरातच होतं.

"मामा," ती म्हणाली, "दोरी ताठ आहे."

"गप्प बस."

"ताठ आहे. रेघ पडलीय माझी."

"अगं, मी कुणासाठी बोलतोय?" उस्ताद दातांत बोलले.

"मीही कुणासाठी तरीच पाडत होते."

तिने बोळा रॉकेलमध्ये बुडवला आणि पुढच्या टोकापासून पुसत निघाली. पांढऱ्या पत्र्यावर मळकट पट्टा उमटला, मग दुसऱ्या फडक्याने तोही गेला. उस्तादांनी मधेच तिचा रंगाचा डबा पायाला लागेल म्हणून उचलून बाजूला ठेवला.

बॉडीवाल्याने दोरी गुंडाळून खिशात घातली. "वहिनी, राग मानू नका. मालक संध्याकाळी येतायत, मला निदान खुणा मारून ठेवायला हव्यात. स्टिकर कुठून जाणार त्याच्या. माणूस जेवायला गेलाय. टेपचं ते टोक जरा धरता?"

तिने हात पुसले आणि टोक धरलं. बॉडीवाला टेप उलगडत पुढे गेला आणि तिकडून त्याने ताणला. उस्ताद जायला निघाले होते. पण सवयीने मागच्या चाकापाशी थांबले, वाकले, एक डोळा मिटला.

"खाली आहे तुझं," ते म्हणाले. "वर घे."

तिने घेतलं.

"अजून."

"बरोबर आहे, मामा."

"अजून जरा."

"उस्ताद, ठरवा काय ते," पुढच्या टोकाकडून बॉडीवाला ओरडला, "माझा हात दुखायला लागला!"

उस्तादांनी दुसरा डोळा मिटून पाहिलं, परत पहिला मिटला. मग तिच्याकडे वळून, तिने आजवर कधी ऐकला नव्हता अशा आवाजात त्यांनी विचारलं, "डावे, तुला कसं दिसतंय?"

तिने टेपकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. तिला सांगता येईना.